बोळक्या तोंडाचा बाजा

माझी नवी वरची कवळी भर मैफलीत माउथ ऑर्गनला चिकटून बाहेर आली, त्यात कवळीचा दोष नव्हता. दोष ब्लूजचा होता.

आमच्या घरात माउथ ऑर्गनला बाजाच म्हणतात. बाजात फुंकर मारली की एक सूर निघतो आणि श्वास आत ओढला की दुसरा. साध्या गाण्यांना फुंकर जास्त लागते. ब्लूज मात्र ओढण्यावर चालतो. जीभ मागे घेऊन श्वास खेचला की सूर जागच्या जागी वाकतो आणि खाली घसरतो. बोलता बोलता एखाद्याचा आवाज भरून यावा, तसं ते ऐकू येतं. आणि वरची कवळी टाळूला धरून असते ती नुसत्या हवेच्या जोरावर. हे मला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावून सांगितलं. त्या दुपारी मला एवढंच कळलं की ताईची ओळ संपली, मी सूर ओढला, बाजा तोंडापासून दूर केला, आणि माझे दात त्याच्यावर बसले होते.

पहिल्या बाकावरच्या बाई आधी हसल्या. मग सगळी खोली हसली. मीही हसलो असतो, पण हसायला तोंड उघडावं लागतं. ताई हसली नाही आणि थांबलीही नाही. गिटार वाजवत तिनं उरलेली कडवी एकटीनं म्हणून टाकली. जिथे माझा सूर यायचा तिथे तिनं तेवढी जागा रिकामी सोडली. प्रत्येक ओळीनंतर ती रिकामी जागा आली.

ही मैफल भरते सायकलवाल्याच्या दुकानावर, माडीवरच्या खोलीत. उन्हाळ्यात त्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. थंडी पडली की लोक सायकली घरात ठेवतात आणि दुकान ओस पडतं. मग तो माडीवरची रिमं आणि टायर भिंतीला टांगतो, बाकं मांडतो, आणि थंडी सरेपर्यंत एक रविवार सोडून एक रविवार तिथे गाणं होतं. लोकगीतं आणि ब्लूज, बाकी काही नाही. माईक नाही, स्पीकर नाही, खोलीत एक वायर दिसायची नाही. खोली एवढी लहान आहे की माणसं गप्प बसली तर मुंगीसुद्धा ऐकू येईल, असं सायकलवाला म्हणतो. अशा खोलीत गाणाऱ्याचा श्वास लपत नाही, वाजवणाऱ्याची चूक लपत नाही, आणि दात तर नाहीच नाही.

ताई आणि मी तिथे पहिल्या थंडीपासून आहोत. आम्ही दोघांनी धुलाईच्या कारखान्यात जन्म काढला. ती इस्त्रीवर होती, मी भट्टीवर. आमची आई त्याच कारखान्यात चादरी झटकायची. ओल्या चादरीच्या एका टोकाला एक बाई, दुसऱ्या टोकाला दुसरी. एकीनं ओळ म्हणायची, ओळीच्या शेवटच्या शब्दाला दोघींनी झटका द्यायचा, मग दुसरीनं जोड द्यायची. शब्द संपायच्या आत दुसरीनं तोंड उघडलं की झटका चुकायचा आणि चादरीला पीळ पडायचा. म्हणून आईचा आम्हाला एकच धडा होता: समोरच्याचा शब्द संपल्याशिवाय आवाज काढायचा नाही. पुढे कारखान्यात एक जहाजावरून आलेला फिटर लागला. त्यानं मला बाजा हातात दिला आणि सूर वाकवायला शिकवलं. दिवसभर राबून पाय ओढत घरी निघालेल्या माणसाच्या चालीचं गाणं म्हणजे ब्लूज, असं तो म्हणायचा. मग आईच्या गाण्यांत ताई ओळ म्हणू लागली आणि दुसऱ्या बाईच्या जागी माझा बाजा आला. तोच आमचा ब्लूज. पण धडा तोच राहिला. ताईचा शब्द संपेपर्यंत बाजा गप्प.

मैफल संपल्यावर सायकलवाल्यानं आम्हा दोघांना खाली दुकानात बसवलं. माणूस सभ्य आहे, म्हणून त्यानं बराच वेळ चहाबद्दल बोलून घेतलं. मग म्हणाला की काकांनी ही थंडी आराम करावा, आणि ताईंच्या साथीला वायरमन बसेल. हा वायरमन दिवसा लोकांच्या घरांत बटणं आणि दिवे बसवतो आणि बाजा फार छान वाजवतो. बिनवायरच्या मैफलीत वायरमन, असं त्याला सगळे चिडवतात. तो मनावर घेत नाही, तेही मला खुपतं. ज्याच्यावर रागवायचं आहे तो माणूस निदान थोडा वाईट तरी असावा.

मला वाटलं, ताई म्हणेल की माझा भाऊ नसेल तर मी गाणार नाही. ताई म्हणाली, "वायरमन चालेल."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती गिटारच्या पिशवीचं बक्कल लावत होती. थंडी सरली की ताई मुलीकडे राहायला जाणार होती. मुलगी लांब राहते, तिथून कोणी रविवार साधून गाणं म्हणायला येत नाही. म्हणजे ही शेवटचीच थंडी होती, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, आणि तरी ती वायरमनला हो म्हणाली होती.

घरी जाताना रस्त्यात मी तिला तसं बोललो. सगळा वेळ कवळी रुमालात गुंडाळून खिशात होती, त्यामुळे माझं बोलणं फुसफुस येत होतं. ती चालत राहिली. मग कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "धाकट्या, आईची गाणी मी शेवटची म्हणणार आहे. मला तिथे सूर हवा. भाऊ काय, घरी आहेच."

"आणि शेवटच्या रविवारपर्यंत सूर आणला तर?"

"तर ये घेऊन," ती म्हणाली आणि आपल्या गल्लीत वळली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कवळीला चिकटवायची पेस्ट लावली, ती माझ्या टाळूला दाबून बसवली आणि म्हणाल्या, आता वाजवून दाखवा. दवाखान्यात बाहेर बसलेले लोक बघू लागले. मी सूर ओढला. कवळी जागेवर राहिली, पण पेस्टचा एक लांब धागा बाजात ओढला गेला. तो बाजा मी नंतर टाचणीनं साफ करत बसलो. बाईंनी पेस्ट बदलून पाहिली, कवळी जराशी घासून पाहिली. शेवटी हात पुसत म्हणाल्या, "काका, कवळी जेवायला असते हो."

मी म्हटलं, जेवण मी हिरड्यांनीही करीन, बाजाचं काय ते सांगा. त्या हसल्या नाहीत, विचार करू लागल्या. कवळीचा पत्रा टाळू झाकतो, त्यामुळे जिभेला पूर्वीइतकी जागा उरत नाही, हे त्यांनी मला तोंडाच्या साच्यावर बोट ठेवून दाखवलं. मग म्हणाल्या की उलट कवळी काढली तर तोंडात पूर्वीपेक्षाही जास्त जागा होते. त्या हे सहज बोलल्या. मी ते धरून ठेवलं. जिभेला जागा मिळाली तर सूर वाकवायलाही जागा मिळेल, असं माझ्या मनानं घेतलं.

घरी आलो, वरची आणि खालची दोन्ही कवळ्या पाण्यात टाकल्या आणि बोळक्या तोंडानं बाजा धरला.

पहिले आठवडे काय निघालं ते सांगण्यासारखं नाही. ओठ आत वळायचे, गालांच्या कोपऱ्यांतून हवा सुटायची, बाजा लाळेनं भरायचा. सायकलवाल्यानं ऐकलं असतं तर ठिगळ घेऊन धावत आला असता. बायकोनं मला न्हाणीघरात बसवलं, दार लावून घेतलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं की नळाचं काम चाललंय. रोज नळाचं काम बघून एके दिवशी शेजारीण म्हणाली, एवढ्यात नवी टाकी बांधून झाली असती. बायको मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टाकी झाली असती. सूर अजून झाला नाही."

पण ती दार वाजवून मला उठवायची नाही. जेवण मऊ करून ताटली दाराशी ठेवायची.

ओठ कुठे ठेवायचे ते मला हळूहळू सापडलं. दातांच्या जागी हिरड्यांवर ओठ दाबून धरायचे, बाजा पूर्वीपेक्षा आत घ्यायचा, जवळजवळ चावल्यासारखा. मग एका सकाळी मी श्वास खेचला आणि सूर वाकला. नुसता वाकला नाही, खाली गेला, आणखी खाली गेला. दात असताना जिथे तो थांबायचा, त्याच्याही खाली जाऊन बसला. दाराबाहेर बायकोच्या हातातलं भांडं थांबलेलं मी ऐकलं.

एक गोष्ट मात्र होती. तो सूर यायला वेळ लागत होता. आधी हवा भरायची, मग गाल आत ओढले जायचे, मग जीभ मागे जायची आणि मग कुठे सूर खाली उतरायचा. पूर्वी मी बटण दाबल्यासारखा सूर काढायचो. आता म्हाताऱ्याला हाक मारावी आणि त्यानं आधी चप्पल शोधावी, तसं चाललं होतं.

मी ताईकडे गेलो तेव्हा तिच्या घरात सगळीकडे खोकी होती. भिंतीवरचं घड्याळ काढलेलं, पडदे काढलेले, आणि एका खोक्यावर वायरमन बसलेला. रियाझाला आला होता. मला बघून उठून उभा राहिला, काका बसा म्हणाला. मी उभाच राहिलो आणि तिला ओळ म्हणायला सांगितली.

ताईनं आईचं भट्टीचं गाणं घेतलं. पाणी तापेना, आली सकाळ, ही पहिली ओळ. तिचा शब्द संपला, मी श्वास खेचला, आणि माझा सूर पोचेपर्यंत ती पुढच्या ओळीच्या तोंडाशी आली होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वायरमन खाली बघत होता. तो हसला असता तर बरं झालं असतं.

"सूर चांगला आहे," ताई म्हणाली. "पण उशिरा येतो."

मी म्हटलं, मग तू थोडी थांब. त्यावर ती म्हणाली की आई चादर धरून कुणासाठी थांबली नाही, गाण्याची चाल ही कामाची चाल आहे, ती ओढून लांबवली की ते गाणं आजारी माणसाचं होतं. आणि तिचं बरोबर होतं. वायरमन मला दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला की काका, असा खालचा सूर मी कुठेच ऐकला नाही, मला तो काढता येत नाही. मी त्याचे आभार मानले, पण मनापासून नाही.

त्या दिवसापासून मी घाई करायला शिकू लागलो, आणि घाईनं सूर पार मेला. ओठ सुटायचे, फुस्स व्हायचं. मग मी बाजा बाजूला ठेवून नुसता विचार केला. बस गाठायला पळता येत नसेल तर माणूस काय करतो? घरातून लवकर निघतो. सूर लवकर पोचत नसेल तर त्यानं लवकर निघावं. म्हणजे ताईचा शब्द संपायच्या आत. तिच्या शब्दाच्या पोटात शिरून, तिथूनच हळू सुरुवात करून, शब्द संपेल त्या क्षणी खाली पोचावं.

हे मनात आलं आणि मी दार उघडून बाहेर आलो. आईनं जन्मभर जे करू नका म्हणून सांगितलं, नेमकं तेच होतं ते. बायकोला मी सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं विचारलं की दुसरा काही मार्ग आहे का. मी नाही म्हटलं. मग मला काय विचारताय, असं म्हणून तिनं मान खाली घातली.

ताईची ओळ माझ्या डोक्यात कायमची बसलेली आहे. मी मनातल्या मनात तिला गायला लावलं आणि तिच्या शब्दावर बाजा धरला. सुरुवात इतकी बारीक करायची की शब्द झाकला जाऊ नये, नुसती खाली सावली पडावी. हे जमायला उरलेली थंडी गेली. मधले रविवार मी माडीवर मागच्या बाकावर बसून काढले आणि वायरमनचा बाजा ऐकला. तो ताईचा शब्द संपला की नेमका यायचा, एक कणही पुढे नाही की मागे नाही. लोक खूश होते. मीही टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या रविवारच्या आधी मी परत ताईकडे गेलो. आता खोकी दोऱ्यांनी बांधून झाली होती, बसायला एकच खुर्ची होती, ती तिनं गिटारसाठी घेतली. ओळ म्हण, मी म्हटलं. तिनं म्हटली. 'सकाळ' या शब्दात ती असतानाच मी श्वास ओढायला सुरुवात केली.

ती थांबली. तारांवर सपकन हात ठेवला.

"माझ्या शब्दावर?"

"हो."

"आईनं काय सांगितलं होतं?"

"चादर होती तेव्हा सांगितलं होतं," मी म्हटलं. "आता चादर कुठे आहे?"

ती गिटारची तार जुळवू लागली. मी म्हटलं की तुझा शब्द संपायची वाट बघत बसलो तर माझा सूर तू मुलीच्या घरी पोचल्यावर येईल. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आई असती तर तिनं चादर तुझ्या डोक्यावर टाकली असती, म्हणाली. मी म्हटलं, "आई असती तर आज तिलाही दात नसते, ताई. तिनंही लवकर निघायचं ठरवलं असतं."

तेव्हा ती हसली. तोंडावर हात ठेवून हसली, थंडीच्या सुरुवातीला हसायचं राहिलं होतं तेही धरून. मग डोळे पुसून म्हणाली, पुन्हा कर. मी पुन्हा केलं. तिनं ओळ पुरी केली. पुढची म्हटली. माझा सूर तिच्या शब्दाखालून निघाला आणि शब्द संपला तिथे खाली पोचला. तिनं सगळं गाणं म्हटलं, मधे एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. संपल्यावर गिटार भिंतीला टेकवून म्हणाली की भट्टीचं गाणं तुझं, बाकीची वायरमनची, त्यानं थंडीभर मेहनत केली आहे, त्याला शेवटी उठवणार नाही. मी हो म्हटलं. यापेक्षा जास्त मी मागितलं असतं तर ते तिनं दिलंही नसतं.

शेवटच्या रविवारी माडीवर उभं राहायला जागा नव्हती. लोक जिन्यापर्यंत बसले होते. बायकोनं सकाळीच विचारलं की कवळी लावून जाणार आणि तिथे काढणार का. सगळ्यांसमोर काढण्यापेक्षा नसलेलीच बरी, असं ठरवून मी घरूनच बोळकं तोंड घेऊन निघालो. सायकलवाला, कारखान्यातले जुने कामगार, पहिल्या बाकावरच्या त्या बाई, सगळ्यांनी माझे बसलेले गाल पाहिले. मी त्यांच्याकडे पाहून हसलो, उघड्या तोंडानं. एकदा सगळ्यांचं बघून होऊ दे, म्हणजे मग कान मोकळे होतील.

ताईनं दोन गाणी वायरमनबरोबर म्हटली. मग तो स्वतः उठला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

खोली शांत झाली. ताईनं गिटारवर चाल धरली, तीच चाल, तसूभरही हळू नाही. पाणी तापेना, आली सकाळ. तिच्या शब्दात मी शिरलो. माझ्या ओठांच्या कोपऱ्यातून थोडी हवा सुटली आणि ती सगळ्यांना ऐकू गेली असणार, पण मी ओढत राहिलो आणि सूर खाली गेला. दुसऱ्या ओळीला हवा सुटली नाही. तिसरीला ताईचा शब्द आणि माझा सूर यांतलं कोण कुठे संपतं हे मलाच कळेना. मागच्या बाकावर कारखान्यातली एक जुनी बाई होती, आईबरोबर चादरी झटकलेली. तिची मान वर झाली. मला वाटलं ही आता नाराज होणार. तिनं डोळे मिटून घेतले.

शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ आली. पाणी तापलं, गेली सकाळ. ताई 'गेली' म्हणाली आणि 'सकाळ' म्हणालीच नाही. ओठ मिटून माझ्याकडे बघत राहिली. गिटार चालू होती. मी निघालेलोच होतो, थांबायला सवड नव्हती. शब्दाच्या खाली लपून न्यायचा सूर मी उघड्यावर नेला, जेवढा खाली जातो तेवढा नेला, आणि तो शब्द बाजानं म्हटला.

टाळ्या झाल्या. मी स्टूल वायरमनला परत दिलं आणि उरलेली गाणी बाकावर बसून ऐकली.

सगळं आवरल्यावर सायकलवाला बाकं उचलत होता. ताई खाली दुकानात लोकांचे निरोप घेत होती, तिचा आवाज जिन्यावरून वर येत होता. सायकलवाल्यानं मला सहजच विचारलं की पुढच्या थंडीत पहिल्या रविवारी कोणाला बोलवावं, ताई तर नसणार. मी म्हटलं, मला.

"आणि गाणार कोण, काका?"

मी बाकाचं दुसरं टोक उचललं. "गाणारा मी बघतो. तुम्ही रविवार माझ्या नावावर धरा."